मदत आधी कशाची?

17 मे 2021 च्या रात्री तौक्ते वादळ उना-दीव परिसरात धडकले आणि सौराष्ट्रातील केसर आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी आपण बडोदेकर जुने कपडे गोळा करतो. आमच्या मते शेतकऱ्याला आधी माणसांचे हात आणि कोरडा चारा हवा. कलंडलेले तरुण झाड लगेच उभे करून मुळांवर माती चढवली, टेकू दिला व मोडक्या फांद्या छाटून बोर्डो मलम लावला, तर ते जगू शकते. बुरशी लागलेला चारा गुरांना घालू नये. पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस टोचून घ्यावी. कपडे उशिरा पोहोचले तरी चालतात, उघडी पडलेली मुळे मात्र थांबत नाहीत. पालक व विश्वस्तांनी पुढील मदतनिधीत चारा व टेकूचे बांबू आधी धरावेत, ही विनंती.