सात हाली, सहा कलदार

आमच्या वडिलांच्या तोंडीं एक हिशेब नेहमीं असे : सात हाली म्हणजे सहा कलदार. मराठवाड्यांतील वृद्ध मंडळींस याचा अर्थ सांगावयास नको. परंतु आजच्या सुनामुलांसाठीं सांगतों. निजामाच्या राज्यांत निजामाचा स्वतःचा रुपया चाले, त्यास हाली सिक्का म्हणत. इंग्रजी मुलुखांतील रुपयास कलदार म्हणत. नांव दोहोंचेंहि रुपयाच. पण सात हाली मोजावे तेव्हां सहा कलदार पदरांत पडत. म्हणून कोणी "अमुक रुपयांस मिळालें" असें म्हणाला, कीं वडील आधीं विचारीत, "कोणते रुपये?" हा प्रश्न मीं पुढें गणिताच्या तासाला मुलांना पुष्कळदां सांगितला, पण स्वतःच्या घराचा हिशेब करतांना मात्र नेमका विसरलों.

लातूरहून एका वाचक भगिनीनें पत्र लिहून विचारलें आहे कीं, घरांत सहा मोबाईल फोन आहेत, दर महिन्याचा खर्च डोईजड होतो. तरी सर्व नंबर स्वस्त कंपनीकडे न्यावे, कीं महाग पण चांगली म्हणतात तिच्याकडेच राहावें? प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाहीं. उत्तर देण्यापूर्वीं माझी स्वतःची चूक सांगणें प्रामाणिकपणाचें होईल.

आमचें कुटुंब एकत्र आहे, पण एका छपराखालीं नाहीं. नांदेडास आम्ही पांच माणसें. वडील बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते व वहिनी किनवट तालुक्यांत शेतावरच्या घरीं. आणि पुतण्याचा मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठीं लातुरास. चुली तीन ठिकाणीं, पण जमाखर्चाची वही एकच, व ती माझ्याकडे. कांहीं वर्षांपूर्वीं एका कंपनीनें नंबर घेऊन येणाऱ्या नव्या ग्राहकांस सवलत जाहीर केली. दर फोनामागें दर खेपेस शंभर रुपयांचा फरक पडत होता. योजना २८ दिवसांची, म्हणजे वर्षांत खेपा बारा नव्हेत, तेरा. सात फोन, तेरा खेपा, शंभर रुपये : वर्षाचे ९,१०० रुपये शिल्लक! मीं वही मिटली आणि निर्णय जाहीर केला.

सूनबाई तेवढी हळूच म्हणाली, "नाना, किनवटच्या घरीं या कंपनीचा फोन लागतो का, तें एकदां पाहूं या का?" मीं उत्तर दिलें, "अहो, सगळीकडे लागतो, जाहिरातींतच लिहिलें आहे." चाळीस वर्षें मुलांना 'प्रमाण काय?' असें विचारणाऱ्या मास्तरानें जाहिरात हेंच प्रमाण मानलें!

तीन-चार महिने कांहीं बिघडलें नाहीं. लातूरचा मुलगा तर खूष होता; खोलींत बसून व्याख्यानें पाहावींत, रात्रीं आईशीं बोलावें, सर्व सुरळीत. दादा क्वचित् फोन करीत; लागत नाहीं म्हणून तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाहीं. मग श्रावणांतील एका रात्रीं ओल्या अंगणांत त्यांचा पाय घसरला आणि मांडीचें हाड मोडलें. पूर्वींच्या कंपनीचा फोन त्या घरांतून लागत असे. नव्या कंपनीचा लागेना. वहिनींनीं त्यांना तसेंच पांघरूण घालून निजविलें, छत्री व विजेरी घेतली, आणि अर्ध्या मैलावरच्या मारुतीच्या टेकाडावर चढून गेल्या. तेथें फोन लागला. गाडी येऊन दादा तालुक्याच्या गांवीं पोंचेपर्यंत चार तास झाले होते.

दादा बरे झाले. हातांत काठी आली ती मात्र राहिली. डॉक्टरांनीं मला स्पष्ट सांगितलें कीं, काठीचें कारण तें मोडलेलें हाड, ते चार तास नव्हेत. त्यांचें म्हणणें मी मान्य करतों. पण भर पावसांत, सत्तरीच्या घरांतील एक बाई, पति मागें कण्हत असतां, अंधारांत टेकाड चढत होती. तें कोणत्या सदरांत मांडावें? मी भेटावयास गेलों तेव्हां वहिनी रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "भावजी, फोन हातांत होता हो, पण नुसता हातांतच होता." दादा तर त्या विषयावर आजपर्यंत एक अक्षर बोललेले नाहींत, आणि तेंच मला अधिक लागतें.

कंपनीचें नांव मी सांगत नाहीं. कारण दोष नांवाचा नाहीं. त्याच कंपनीचा फोन त्याच रात्रीं लातुरांत उत्तम चालत होता. येथेंच प्रश्नाची गांठ आहे. 'कोणती कंपनी चांगली?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाच्या हातांत, कोणत्या घरांत, कोणत्या कामासाठीं चांगली, असें विचारलें पाहिजे. संस्कृतांत योगक्षेम असा एक जोडशब्द आहे : नसलेलें मिळविणें तो योग, असलेलें राखणें तो क्षेम. किंमत पाहणारा योगाकडे पाहतो, सेवा पाहणारा क्षेमाकडे. गृहस्थाला दोन्ही सांभाळावे लागतात. मी एकाच्याच मागें लागलों.

आपल्या भागाला फोनाचें मोल शिकविण्याची गरज नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हां आपल्या देशांत मोबाईल सेवा आलेलीच नव्हती. आपलीं माणसें कशीं आहेत, हें कळण्यासाठीं लोक स्वतः लातूरच्या वाटेला लागले होते. देशांतील पहिलें मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून दिल्लीस झालें. त्या काळीं आलेल्या फोनाचेहि पैसे पडत. २००३ सालीं ते बंद झाले आणि फोन सामान्य घरांत शिरला. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ आली आणि दर एकदम कोसळले. पुढें स्पर्धक कमी झाले, व २०१९, २०२१ आणि २०२४ असे तीनदां दर चढले. जुलै २०२४ च्या वाढीनंतर त्या एका महिन्यांत सरकारी बीएसएनएलकडे सुमारे २९ लाख ग्राहकांची भर पडली. नोव्हेंबर उजाडला तों तिची ग्राहकसंख्या पुन्हां घटूं लागली. आमच्या घरचा प्रसंग याच्या पूर्वींचा. पण त्या आंकड्यांत मला सर्वच घरांचें मन दिसतें. एक गेला म्हणून दुसरा जातो, यास आपले शास्त्रकार गतानुगतिक न्याय म्हणतात. मेंढरें जातात तीहि अशींच.

आतां विचार कसा करावा तें सांगतों.

पहिली गोष्ट, किंमत खरी काढावी. २८ दिवसांच्या योजनेचा दर बारानें नव्हे, तेरानें गुणावा. दोनशें रुपयांची योजना वर्षास २,४०० ची वाटते. ती असते २,६०० ची. या तक्रारीवरूनच दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, जानेवारी २०२२ मध्यें प्रत्येक कंपनीनें निदान एक योजना ३० दिवसांची व एक दर महिन्याच्या त्याच तारखेस भरतां येईल अशी ठेवावी, असें बजावलें. तसेंच ज्यांना केवळ बोलावयाचें असतें, अशा आजी-आजोबांच्या फोनांत रोजचें इंटरनेट भरणें म्हणजे उपवासाच्या दिवशीं पंगतीचे पैसे देणें होय. डिसेंबर २०२४ मध्यें ट्रायनें केवळ बोलणें व संदेश यांच्या वेगळ्या योजना ठेवणें कंपन्यांस भाग पाडलें आहे. दुकानदार तें आपण होऊन सांगेलच असें नाहीं, विचारावें. पुष्कळ घरांत खर्चाचा प्रश्न कंपनी न बदलतां येथेंच सुटतो.

दुसरी गोष्ट, सेवा आपल्या उंबऱ्याच्या आंत तपासावी. नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्र-गोवा मंडलांत येतात. मुंबईचें मंडल निराळें. सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंतच्या एवढ्या मुलुखाची सरासरी उत्तम असली, तरी तींत माहूर-किनवटच्या जंगलांतील एक वाडी सहज बुडून जाते. नदीच्या पाण्याची सरासरी खोली काढून उतार ठरविणाऱ्याची जी गत, तीच येथें. शिवाय आपलीं जुनीं माळवदाचीं घरें! हातभर जाडीच्या भिंती उन्हाला अडवितात तशा फोनाच्या लहरींनाहि अडवितात. अंगणांत लागणारा फोन माजघरांत मुका होतो. म्हणून ज्या कंपनीकडे जावयाचें, तिचा फोन असलेल्या शेजाऱ्यास अगर पाहुण्यास चहाला बोलवावें, आणि देवघर, स्वयंपाकघर, वडील माणसें निजतात ती खोली, अशा तीन ठिकाणांहून फोन लावून पाहावा. एकदां दिवसां, एकदां रात्रीं आठ-नऊच्या गर्दीच्या वेळीं, आणि जमल्यास वीज गेलेली असतां. सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलांत आले आहेत. त्यांप्रमाणें कंपन्यांना आपली सेवा कोठें पोंचते याचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. घरांतल्या मुलांकडून ते पाहून घ्यावे. पण नकाशा हें अनुमान आहे, चहाचा पाहुणा हें प्रत्यक्ष.

तिसरी गोष्ट, सारें घर एकाच कंपनीच्या स्वाधीन करूं नये. बियाणें सर्व एका कणगींत ठेवीत नाहींत. प्रत्येक ठिकाणीं निदान दोन कंपन्यांचे फोन असावे. हल्लींच्या बहुतेक फोनांत दोन सिमकार्डें बसतात. तेव्हां वृद्धांच्या फोनांत दुसरें एक अल्प खर्चाचें कार्ड घालून ठेवावें. मात्र त्याची मुदत चुकवूं नये. मुदत संपली कीं बाहेर जाणारे फोन बंद होतात व कांहीं दिवसांनीं येणारेहि.

चौथी गोष्ट बदलण्याची रीत. त्या नंबरावर ९० दिवस झालेले असावे आणि बाकी थकलेली नसावी. 'पोर्ट' असें इंग्रजींत लिहून पुढें आपला नंबर घालून १९०० वर संदेश धाडला, कीं एक सांकेतिक क्रमांक येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो दुकानाबाहेर कोणासहि सांगूं नये. बदल एकाच मंडलांत असला तर साधारण तीन कामाच्या दिवसांत होतो. सर्व फोन एकाच दिवशीं बदलूं नयेत. आधीं एक बदलावा, महिनाभर पाहावा, मग दुसरा. मीं सातहि एका दिवशीं बदलले, आणि चूक कळली तेव्हां परत जाण्यास ९० दिवसांची मर्यादा उलटलेली असूनहि मीं आळस केला होता.

पांचवी गोष्ट, तक्रार लेखी करावी व तिचा क्रमांक वहींत टिपावा. कंपनीनें समाधान केलें नाहीं तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जातां येतें. त्यापुढें जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दूरसंचार कंपनीविरुद्धची तक्रार तेथें चालूं शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें दिला. पण भरपाईवर फार विसंबूं नये. संभाषण मध्येंच तुटलें तर ग्राहकास एक रुपया द्यावा, असा नियम ट्रायनें २०१५ मध्यें केला होता. सर्वोच्च न्यायालयानें तो मे २०१६ मध्यें रद्द केला. आणि तो रुपया मिळाला असता, तरी टेकाडावरच्या त्या वाटेचें मोल त्यांत कसें बसणार?

यावरून महाग तेंच चांगलें, असा उलटा सिद्धांत मात्र कोणी काढूं नये. लातूरच्या मुलाचा नंबर आम्हीं स्वस्त कंपनीकडेच ठेवला आहे, आणि त्याचे दर खेपेचे शंभर रुपये आजहि वाचतात. दादांच्या घरीं मात्र एक फोन जुन्या कंपनीकडे परत नेला व दुसरा तसाच ठेवला. त्यांच्या योजना केवळ बोलण्याच्या आहेत, त्यामुळें एकूण खर्च पूर्वींहून कमीच येतो. म्हणजे बचत होण्याजोगी होती; मीं ती चुकीच्या ठिकाणीं शोधली. आणि ज्या घरांत महिन्याचे पैसे भरणेंच कठीण, तेथें किंमत हीच सेवा. कारण पैशांअभावीं बंद पडलेला फोन कोणत्याहि टेकाडावरून लागत नाहीं. अशा घरानें लाजूं नये. एक तरी फोन चालू ठेवावा व तो सर्वांचा समजावा.

तेव्हां, लातूरच्या भगिनी, आपल्या प्रश्नास माझें उत्तर असें : सहा फोनांचा एक निर्णय घेऊं नका, सहा निर्णय घ्या. आणि हिशेबास बसाल तेव्हां घरांतील सर्वांत म्हातारें माणूस व सर्वांत दूरचें माणूस, या दोघांपासून आरंभ करा. जाहिरातींतील रुपये हाली आहेत. ते कलदारांत किती भरतात, तें रात्रीं लागलेला किंवा न लागलेला फोनच सांगतो.

परवां दादांचा फोन आला होता. पाऊस चांगला झाला, कापूस बरा आहे, असें सांगून ते म्हणाले, "आवाज स्वच्छ येतो रे तुझा." मीं "हो" म्हणालों, आणि पुढें बराच वेळ मला बोलतां आलें नाहीं.