मुखवट्यामागचे आणि पडद्यामागचे

मेलबर्नचे तीन वादक रत्नजडित मुखवटे घालून रंगमंचावर येतात. बँडचं नाव ‘ग्लास बीम्स’. 2021मध्ये ‘मिराज’ आणि 2024मध्ये ‘महाल’ ही त्यांची छोटी ध्वनिमुद्रणं आली आणि सायकेडेलिक संगीताच्या चाहत्यांमध्ये या अनोळखी चेहऱ्यांची चर्चा सुरू झाली.

संस्थापक राजन सिल्वाचे वडील सत्तरच्या दशकाअखेर भारतातून मेलबर्नला गेले. घरी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या स्मृतिमैफलीची डीव्हीडी पुन्हा पुन्हा लागायची. 2002मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या त्या मैफलीत रविशंकरांची रचना त्यांच्या मुलीच्या, अनुष्काच्या दिग्दर्शनाखाली वाजली होती. वडिलांच्या संग्रहात रविशंकरांशेजारी ब्लूज गायक मडी वॉटर्स होता, आशा भोसले आणि आर. डी. बर्मनही होते.

‘महाल’ ऐकताना मराठी कान चटकन थबकतो. गिटार, बास आणि शब्दांविना गाणारा आवाज एकाच सुरावटीवरून चालत राहतात. गायकाच्या मागोमाग पेटी जावी, तसं. पाश्चात्त्य पॉपमध्ये सहसा स्वरांचे थर रचले जातात. इथे एक ओळ धरून तीच फुलवली आहे. या बँडची खरी ताकद मुखवट्यांत नाही, या धीरात आहे.

अशा संगीताला ‘पूर्व-पश्चिम संगम’ म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. या प्रवाहातलं बरंच पाणी मुंबईचं आहे. जानेवारी 1968मध्ये हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला. हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ यांच्यासारख्या वादकांबरोबर त्याने ध्वनिमुद्रण केलं. ‘द इनर लाइट’ या गाण्याचा वाद्यमेळ तिथलाच. तबकडीवर नाव मात्र बीटल्सचं.

चरणजित सिंग यांची गोष्ट तर अधिक बोचणारी आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या मुंबईकराने 1982मध्ये रोलंड कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं हाताशी घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडी फारशी कुणी घेतली नाही. 2010मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा जग चकित झालं: शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत जन्मण्याआधीच तसा नाद मुंबईत घुमला होता! उतारवयात सिंग परदेशात वाजवायला गेले. 2015मध्ये ते वारले.

मेलबर्नच्या तिघांनी चेहरा स्वतःहून झाकला. मुंबईतल्या वादकांना तशी निवडच नव्हती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे कितीतरी गोवेकर चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिनवर बसले, स्वरलिपी लिहीत राहिले. श्रेयनामावलीत संगीतकार, गीतकार, गायक येत आणि यादी तिथेच थांबे. ‘रूप तेरा मस्ताना’चं अ‍ॅकॉर्डियन ओळखणारे लाखो असतील, पण ते केरसी लॉर्ड यांचं, हे किती जणांना ठाऊक आहे?

जुनी गाणी आज मोबाइलवर सर्रास ऐकली जातात. तिथे वादकांच्या नावांसाठी चार ओळी वाढवायला जागेची अडचण नाही. संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी 2008च्या पुस्तकात मुंबईच्या स्टुडिओवादकांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या आहेत, त्यामुळे सुरुवात कोऱ्या पाटीवर करायची नाही. संगीत कंपन्यांनी हे काम आत्ता हाती घ्यावं. कोणत्या गाण्यात कोणी वाजवलं, हे सांगू शकणारे काही हात अजून आपल्यात आहेत.