छोटी विद्युत मोटार : किलोमीटरांचा जमाखर्च

गेल्या चार-पाच वर्षांत व्यापारी कुटुंबांच्या बैठकीत एक विषय वारंवार निघू लागला आहे. जुनी पेट्रोल मोटार बदलण्याची वेळ येते, पेढीवर नव्याने बसू लागलेला मुलगा छोट्या इलेक्ट्रिक एसयूव्हीचे नाव काढतो, वडील बॅटरीच्या किमतीची धास्ती बोलून दाखवतात आणि काका ‘वाटेत बंद पडली तर?’ एवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. तिघांचेही म्हणणे काही अंशी खरे असते. परंतु आपल्या घरातील मोटार वर्षाला नेमकी किती धावते, हा आकडा तिघांपैकी एकाजवळही नसतो. पोत्याच्या वजनात शंभर ग्रॅमचा फरक पडला तरी ज्या घरात तो रोजकीर्दीपर्यंत पोहोचतो, त्याच घरात बारा लाखांच्या वस्तूचा वापर अंदाजाने ठरतो, हे नवलच.

उदाहरणासाठी सांगलीच्या मार्केट यार्डातील एखादी अडतपेढी डोळ्यांसमोर आणावी. घरातून यार्ड, तेथून मिरज, आठवड्यातून दोनदा जयसिंगपूर किंवा इचलकरंजीची वसुली, महिन्यातून एकदा कोल्हापूर आणि सणासुदीला कुंभोज-बाहुबली. यांतील बहुतेक फेऱ्या जाऊन-येऊन शंभर किलोमीटरांच्या आत संपतात. अशा वापराला कोणती मोटार पुरेल, हे पाहताना जाहिरातीतील अंतराचा आकडा जपून वाचावा लागतो. टाटांची पंच ईव्ही जानेवारी २०२४ मध्ये १०.९९ लाख रुपये या आरंभीच्या किमतीला बाजारात आली. तेव्हा तिच्यात २५ आणि ३५ युनिट क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांचा पर्याय होता आणि एका चार्जिंगमध्ये अनुक्रमे ३१५ व ४२१ किलोमीटर असे प्रमाणित अंतर जाहीर झाले होते. पुढे चाचणीची पद्धत अधिक कडक झाली आणि त्याच गाडीसाठी कंपनी २६५ व ३६५ असे आकडे देऊ लागली. गाडी तीच, बॅटरी तीच. मोजमापाची फूटपट्टी तेवढी बदलली. रस्त्यावर चार माणसे, सामान, वातानुकूलन आणि महामार्गाचा वेग धरला, तर मोठ्या बॅटरीकडून अडीचशे किलोमीटर आणि लहान बॅटरीकडून पावणेदोनशे किलोमीटर मिळाले तरी समाधान मानावे. सांगलीच्या त्या पेढीला लहान बॅटरीही पुरते. मोठी बॅटरी घेण्याचे खरे कारण एकच, ते म्हणजे पुण्याची फेरी. ती फेरी वर्षातून किती वेळा होते, हे मुनीमजींना विचारावे; मुलाचा अंदाज नेहमी अधिकच असतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये आणि गावातील वापरात छोट्या एसयूव्हीचे अंतर लिटरमागे १५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सात रुपये पडतात. विद्युत मोटार घरच्या मीटरवर मोजलेल्या एका युनिटमागे, चार्जिंगमधील गळती धरून, साधारण साडेसहा किलोमीटर जाते असे मानावे. युनिटचा दर दहा रुपये धरल्यास किलोमीटरचा खर्च दीड रुपयाच्या आसपास येतो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला साडेपाच रुपयांची बचत. तुल्य पेट्रोल मोटारीपेक्षा ऑन-रोड किंमत तीन लाखांनी अधिक असेल, तर ते तीन लाख भरून निघण्यास सुमारे ५४ हजार ५०० किलोमीटर धावावे लागते. रोज पन्नास किलोमीटर धावणाऱ्या वसुलीच्या मोटारीचे वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर फरक पावणेचार वर्षांच्या आत फिटतो. जी मोटार सकाळी मुलांना शाळेत सोडते, दुपारभर दुकानासमोर उन्हात उभी राहते आणि दिवसाकाठी बारा किलोमीटर चालते, तिला त्याच फरकासाठी पंधरा वर्षे लागतात. तोवर गाडीही राहत नाही आणि हिशेब करणाराही थकतो. हे आकडे प्रत्येकाने आपल्या गावचा दर घालून पुन्हा मांडावेत. रीत मात्र हीच.

किमतीतील हा फरक स्थिर नसतो. विद्युत वाहनांवर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे. लहान पेट्रोल मोटारींवर पूर्वी २८ टक्के कर आणि त्यावर उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला, म्हणजे पेट्रोल मोटारी स्वस्त झाल्या आणि विद्युत मोटारींचे आकर्षण तेवढ्यापुरते घटले. त्यापूर्वी मांडलेली गणिते आता शिळी झाली आहेत. दुसऱ्या पारड्यात महाराष्ट्रातील रस्ता-कराची सूट आहे. दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीला ११ टक्के कर पडतो, तर कंपनीच्या नावे घेतल्यास २० टक्के. आठ लाखांच्या गाडीवर हा कर अनुक्रमे ८८ हजार आणि १ लाख ६० हजार होतो. त्यामुळे तुलना नेहमी ऑन-रोड किमतींची करावी, शोरूमच्या फलकावरील किमतींची नव्हे. टोलमाफीचा गाजावाजाही असाच तपासून घ्यावा. अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर विद्युत मोटारींना माफी देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये अमलात आणला. सांगलीकर पुण्याला जातो तेव्हा त्याच्या वाटेवरचे टोलनाके राष्ट्रीय महामार्गाचे असतात आणि तेथे पूर्वीप्रमाणेच पैसे कापले जातात.

आयकराच्या बाबतीत व्यापारी वर्गात अर्धवट माहिती पुष्कळ फिरते. आजवरच्या नियमांत व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या विद्युत वाहनावर ४० टक्के घसारा मिळत आला आहे, तर साध्या मोटारीवर १५ टक्के. बारा लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी ४ लाख ८० हजार आणि १ लाख ८० हजार, असा हा फरक आहे. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर दोन्ही रकमा निम्म्या. हा लाभ लहान नाही. मात्र जी पेढी उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर गृहीत उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरते, तिला घसारा वेगळा मागता येत नाही. तो त्या गृहीत नफ्यातच धरलेला असतो. अनेक छोटे दुकानदार नेमके याच योजनेत असतात आणि विक्रेत्याच्या तोंडून ४० टक्के ऐकून हुरळतात. वस्तू व सेवा कराचे इनपुट क्रेडिटही सर्वसाधारण व्यापाऱ्याला प्रवासी मोटारीवर मिळत नाही, मग ती पेट्रोलची असो वा विजेची. तसेच वाहनकर्जाच्या व्याजावरील दीड लाखांची जी वजावट वारंवार सांगितली जाते, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. सही करण्यापूर्वी अर्धा तास सनदी लेखापालांकडे बसावे.

बॅटरी भाड्याने देण्याची योजना सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीच्या विंडसर मोटारीबरोबर चर्चेत आली. गाडी ९.९९ लाखांना आणि बॅटरीचे भाडे आरंभी किलोमीटरला साडेतीन रुपये, असा तो प्रस्ताव होता. त्यात विजेचा दीड रुपया मिळवला की किलोमीटर पाच रुपयांना पडतो. पेट्रोलशी तुलना करता बचत दोन रुपयांवर येते. भांडवल अडकू नये, हा व्यापाऱ्याचा विचार योग्यच. परंतु मोटार कमी धावली तरी दरमहा किमान ठरावीक किलोमीटरांचे पैसे भरावे लागतात का, हे करारपत्रात शोधावे.

यापुढचा प्रश्न वायरिंगचा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. खाली दुकान, वर घर, मागे गोदाम, अशी वास्तू असलेल्या कुटुंबांना चार्जिंगची सोय सहज होते असे वाटते. गाडीबरोबर येणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या प्लगवर चालतो आणि साधारण ३.३ किलोवॉट वीज घेतो. आठ तासांत जवळपास २६ युनिटे भरतात. रात्री लावली की सकाळी तयार. अडचण अशी की, इस्त्री किंवा गिझर काही मिनिटे चालतो, तर हा चार्जर रात्रभर पूर्ण भाराने ओढत असतो. पेठेतील जुन्या वाड्यांतील तारा त्यासाठी घातलेल्या नसतात. मीटरपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि उत्तम अर्थिंग एवढे करून घ्यावे. अर्थिंग सदोष असेल तर बहुतेक चार्जर चालू होण्यासच नकार देतात. तो नकार जुगाड करून मोडू नये. एक्स्टेंशन बोर्ड तर वर्ज्यच. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या चालू जोडणीवरून चार्जिंग करता येते किंवा त्यासाठी स्वतंत्र मीटरही मागता येतो. मंजूर भार वाढवून घेण्याची गरज आहे का, हे वायरमनकडून आधी तपासावे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून महिन्याला दोनशे युनिटे वाढली की वरच्या टप्प्याचा भुर्दंड बसतो, ही बाब दहा रुपयांच्या हिशेबात ताडून पाहावी.

आणि चार्जिंगची जागा. बारदानाच्या थप्प्या, कापसाच्या गाठी, तेलाचे डबे, यांच्या शेजारी कोणतेही वाहन लावू नये. रात्रभर चार्जिंगवर राहणारे तर नाहीच. दोन पावले चालण्याचा कंटाळा हे गोदामात प्लग बसवण्याचे कारण होऊ शकत नाही.

लांबच्या प्रवासाचे गणित वेगळे. सांगली ते पुणे हे अंतर सुमारे २३५ किलोमीटर. मोठ्या बॅटरीची मोटारही वाटेत एकदा थांबवलेली बरी, कारण पुण्यात पोहोचताना काटा शून्याजवळ असणे कोणालाच मानवत नाही. जलद चार्जरवर १० वरून ८० टक्क्यांपर्यंत जाण्यास कंपनीच्या म्हणण्यानुसार पंचावन्न-छप्पन्न मिनिटे लागतात, तीही चार्जर मोकळा आणि चालू असेल तर. तेथे युनिट वीस-पंचवीस रुपयांपर्यंत पडते, म्हणजे बचतीचा मोठा भाग तेथेच जातो. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा चढ बॅटरीचे आकडे भराभर खाली आणतो; उतारावर त्यातील काही वीज परत मिळते, सर्व नव्हे. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण आटोपण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांनी हा तासाभराचा थांबा दुपारच्या निघण्याच्या वेळेतच धरून चालावे. श्रवणबेळगोळसारखा पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतराचा प्रवास वर्षातून एकदा असेल, तर त्यासाठी भाड्याची गाडी किंवा रेल्वे ठरवणे हे मोठी बॅटरी घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

घरातील स्त्रियांना आणि ज्येष्ठांना ही मोटार बहुधा लवकर आवडते. क्लच नाही, गिअर बदलणे नाही, गर्दीतून चालवताना पाय दुखत नाहीत. पंच ईव्हीला भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, हीही जमेची बाजू. मात्र आवाज नसल्याने गल्लीत मागे घेताना खेळणाऱ्या मुलांना गाडीची चाहूल लागत नाही. चालवणाऱ्यानेच दुप्पट सावध राहावे. चामडे वर्ज्य असणाऱ्या कुटुंबांनी आसनांबरोबर स्टीअरिंगचे वेष्टन कशाचे आहे, हेही विचारून घ्यावे.

जुनी विद्युत मोटार स्वस्तात मिळते म्हणून मोह होतो. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली. तिच्या बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तेवढी होती. म्हणजे पहिल्या वर्षाच्या गाड्यांची हमी २०२८ मध्ये सरते. हमी नव्या मालकाकडे जाते का, हे लेखी घ्यावे आणि पूर्ण चार्ज करून स्वतः साठ-सत्तर किलोमीटर चालवून टक्के किती उतरतात ते वहीत टिपावे. गाडीत बारा व्होल्टची एक साधी छोटी बॅटरीही असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही दार उघडत नाही, हे अनेकांना प्रसंग आल्यावरच कळते.

कृष्णाकाठच्या गावांसाठी पुराचा विचार टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. बॅटरीवर आयपी ६७ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. पुराचे गढूळ पाणी दिवसेंदिवस साचून राहते, त्याला ही खात्री लागू नाही. त्यासाठी विम्यात बॅटरीच्या संरक्षणाचे कलम वेगळे मागून घ्यावे. तृतीय-पक्ष हप्त्यात विद्युत मोटारीला १५ टक्के सवलत असल्याने त्याचा थोडा भार हलका होतो. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला पोहोचताच चार्जरची तार काढून मोटार उंचवट्यावर हलवावी. तरीही बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर ती सुरू करून पाहू नये आणि चार्जिंगला लावू नये. भिजलेली बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते, म्हणून विमा कंपनीचा माणूस आणि सपाट पाठीचा ट्रक येईपर्यंत ती घर, गोदाम आणि इतर वाहने यांपासून दूर, मोकळ्या जागेत उभी ठेवावी.