दाखला कोणासाठी?

परदेशगमन ही आता केवळ धनिकांची मिरास राहिलेली नाही. मुंबई-पुण्याची मध्यमवर्गीय कुटुंबे केनियातील अभयारण्ये पाहावयास जातात. अभियंते व व्यापारी नायजेरिया, घाना, अंगोला येथे कामानिमित्त राहतात. आपल्या खलाशांना तर कोणतेच बंदर परके नाही. ही गोष्ट अभिमानाचीच होय. परंतु पासपोर्ट, व्हिसा आणि परकीय चलन यांची चिंता महिनोन्‌महिने वाहणारा प्रवासी पीतज्वराच्या लशीचा विचार मात्र निघण्याच्या आठवड्यात करतो, आणि तोही विमानतळावर अडवणूक होऊ नये एवढ्याचसाठी. ‘टोचून न घेता दाखला मिळेल काय?’ हा प्रश्न सुशिक्षितांच्या तोंडीही येतो. बनावट दाखल्यांचे प्रकार आपल्याकडे यापूर्वी उघडकीस आलेले आहेत. हा दाखला म्हणजे अधिकाऱ्याच्या समाधानासाठी दाखवावयाचा एक कागद, हा गैरसमज या वृत्तीच्या मुळाशी आहे.

वस्तुस्थिती काय आहे? पीतज्वर, ज्यास यलो फीव्हर या नावाने आपण अधिक ओळखतो, हा विषाणुजन्य रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांच्या उष्ण प्रदेशांत ठाण मांडून बसलेला आहे. त्यावर रामबाण औषध नाही. ज्यांच्या आजारास गंभीर वळण लागते त्यांपैकी सुमारे निम्मे दगावतात. शहरांतून तो पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती. मुंबईकरांस हा अपरिचित नाही. दर पावसाळ्यात घरोघर डेंग्यू पोहोचवतो तो हाच. म्हणजे गवताची गंजी आपल्या दारात रचलेली आहे. उणीव आहे ती केवळ ठिणगीची. पीतज्वराने भारतात आजवर मूळ धरलेले नाही. ते का, याचे निर्विवाद उत्तर शास्त्रज्ञांपाशीही नाही. ज्याचे कारण ठाऊक नाही अशा सुदैवावर विसंबणे हा शहाणपणा नव्हे.

आगबोटींच्या काळात मोंबासाहून मुंबईस यावयास कित्येक दिवस लागत. या रोगाची लक्षणे संसर्गानंतर तीन ते सहा दिवसांत दिसतात. त्यामुळे रोगी बहुधा समुद्रावरच ओळखला जाई. आज नैरोबीचा प्रवासी काही तासांत येथे उतरतो आणि धडधाकट दिसत असतानाच घरी पोहोचतो. दाखला नसलेल्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवण्याचा आपला नियम यामुळेच आहे. तो जाचक वाटतो खरा. पण समुद्राने पूर्वी जे काम आपोआप केले, तेच आता कायद्याला करावे लागते.

ही भीती काल्पनिक आहे काय? २०१६ साली अंगोलात पीतज्वराची मोठी साथ चालू असता तेथून मायदेशी परतलेल्या ११ चिनी नागरिकांना हा रोग झाल्याचे आढळले. आशिया खंडात आलेले हे पहिलेच निश्चित रुग्ण. सुदैवाने चीनमध्ये साथ पसरली नाही. परंतु त्याच वर्षी जगातील लशीचा राखीव साठा इतका खालावला, की काँगोच्या राजधानीत, किन्शासात, लोकांना नेहमीच्या मात्रेचा पाचवा हिस्सा टोचून वेळ निभवावी लागली. २०११ च्या जनगणनेनुसारच सव्वा कोटीच्या घरात लोकवस्ती असलेल्या मुंबईत हा रोग शिरला, तर एवढी लस कोठून आणावयाची?

परदेशातून आलेल्या रोगाची किंमत या शहराला कोणी समजावून सांगावयास नको. १८९६ साली मांडवीत प्लेग प्रकटला आणि मुंबई ओस पडू लागली. हाफकिन यांनी येथेच लस सिद्ध केली व १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले, तेही परदेश प्रवासाहून परतलेले होते. त्या वेळी लस नव्हती. पीतज्वरावर ती १९३७ पासून आहे.

प्रवाशाकडून अपेक्षा फार नाही. लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी. त्याआधी दाखला ग्राह्य होत नाही. पूर्वी तो दहा वर्षांचा असे. जुलै २०१६ पासून तो आजन्म मानला जातो. ही जिवंत विषाणूची लस असल्याने साठी उलटलेल्यांनी, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी व ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांनी आपली प्रकृती डॉक्टरांपासून लपवू नये. ज्यांना ती देणे धोक्याचे, त्यांच्यासाठी रीतसर सवलतपत्राची सोय आहे. दलालाचा उंबरठा झिजवण्याचे कारण नाही. हिवतापाच्या गोळ्या, विषमज्वराची लस, पिण्याच्या पाण्याची दक्षता यांविषयीचा सल्लाही त्याच भेटीत घ्यावा.

मात्र सर्व दोष प्रवाशाच्या माथी मारून सरकारला मोकळे होता येणार नाही. ही लस मान्यताप्राप्त अशा मोजक्याच केंद्रांवर मिळते. जेथे रांग लांब आणि साठा अपुरा, तेथे दलालाचा धंदा तेजीत चालावयाचाच. केंद्रे वाढवणे, लशीचा पुरवठा अखंड राखणे आणि प्रत्येक दाखल्याची जागच्या जागी पडताळणी होईल अशी व्यवस्था करणे हे केंद्र सरकारचे कर्तव्य आहे. विमानतळ व बंदरे यांभोवतीचा चारशे मीटरचा टापू डासमुक्त राखावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्याचे पालन किती होते, याचा हिशेब संबंधितांनी जनतेपुढे ठेवावा.

खोटा दाखला बाळगणारा सरकारला फसवतो असे त्यास वाटते. सरकारला विषाणूची बाधा होत नाही. फसवणूक होते ती त्याच्याच इमारतीतील शेजाऱ्यांची, त्याला विमानतळावर घ्यावयास आलेल्या आप्तांची आणि अखेर त्याची स्वतःची. दाखला त्यांच्यासाठी आहे.