पट्ट्यांची उलटी बाजू

त्रिपुरी पौर्णिमेची गडावरची गर्दी ओसरली की रामटेकला पहाटेची थंडी जाणवायला लागते आणि माळ्यावरची लोकरीची पिशवी खाली येते. विदर्भात स्वेटर कशाला, असं पुण्या-मुंबईची मंडळी विचारतात. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, तेव्हा यायला हवं होतं त्यांनी! असो.

सांगायचंय ते पट्ट्यांबद्दल. रंग बदलायची वेळ आली की पुष्कळ जणी जुना धागा कापतात, नव्याची गाठ मारतात आणि पुढे विणत सुटतात. मला हे मुळीच पसंत नाही. बाजारात मिळणारी आपली लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे गुळगुळीत. चार धुण्यांत गाठ सरकते, नाहीतर पुढच्या बाजूला डोकं काढते.

खरं तर कापायची गरजच कमी वेळा असते. दोन रंगांचे पट्टे दोन-दोन किंवा चार-चार ओळींचे ठेवा. ओळी सम असल्या की जुना धागा सुरुवातीच्याच कडेला उभा सापडतो. नवा धागा त्याला एक वेढा देऊन वर न्यायचा. ओढायचा मात्र नाही, नाहीतर कड आखडते. तीन रंग असतील तर एकेका ओळीचे पट्टेही जमतात. चौथ्या ओळीला पहिला रंग बरोबर हव्या त्या कडेला हजर असतो. कागदावर बाण काढून पाहा, मजा वाटेल. (शाळेत गणितही शिकवलंय, त्यामुळे खोड जात नाही.) आणि दोन सुलट-दोन उलटच्या बॉर्डरमध्ये रंग बदलायचा असेल तर नव्या रंगाची पहिली ओळ समोरच्या बाजूने सगळी सुलट विणा. उलट टाक्यांवर जुन्या रंगाचे ठिपके दिसतात ना, ते येत नाहीत.

आपल्या भागातल्या करवतकाठीच्या विणकरांना हे सगळं वेगळ्या रीतीने केव्हाचं ठाऊक आहे. आंधळगाव-मोहाडीकडे टसरवर विणतात ती. दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, असे तीन धोटे. काठाचा धागा आणि अंगाचा धागा जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकून आपापल्या रंगात परत फिरतात. गाठ नाहीच. करवतीचे दाते उठतात ते त्या भेटीच्या रेषेवर.

इतकं सगळं मला येत होतं, आणि तरी मी एक चूक केली, ती सांगते.

१९८० नंतरची दोन-तीन वर्षं असतील. आठवीच्या मुलींना कार्यानुभवात मफलर दिला होता. सगळ्या ओळी सुलट, शिकाऊ हाताची वीण. एका मुलीने सात रंगांचा पट्ट्यापट्ट्यांचा मफलर आणला. समोरून छान होता. मी उलटून पाहिला तर गाठीच गाठी, मुगाच्या दाण्यांएवढ्या. काही तर ओळीच्या मधोमध. मी १० पैकी ४ गुण दिले आणि 'मागची बाजू अस्वच्छ' असा शेरा लिहिला. तिने मफलरची घडी केली, गाठी आत घातल्या आणि दप्तरात ठेवला. बोलली काहीच नाही.

पंधरा दिवसांनी एस.टी. स्टँडवर तिचा धाकटा भाऊ दिसला. गळ्यात तोच मफलर, गाठी बाहेर. मी म्हटलं, "अरे, उलटा घातलास की!" तो म्हणाला, "बाई, आतून घातला का टोचते मानेले." मग बोलता बोलता कळलं, वडिलांचा जुना स्वेटर, आजीची शाल, दोन कानटोप्या, असं उसवून लोकर जमवलेली. कुठला धागा हातभर, कुठला दोन हात. पूर्ण गोळा एकाही रंगाचा नव्हता.

मी शिकवलं होतं ते गोळे विकत घेणाऱ्या मुलींसाठी. उरल्यासुरल्या लोकरीतून विणणारीला काय हवं होतं? एवढंच, की एका ओळीला विणकामाच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो. उरलेला धागा विणकामावर आडवा धरायचा. तीन वेळा पुरून वर वीतभर उरत नसेल तर त्या रंगाची ओळ सुरूच करायची नाही, कडेलाच नवा रंग घ्यायचा. जुन्या-नव्या दोन्ही टोकांना वीतभर शेपटी सोडायची आणि शेवटी मोठ्या नेढ्याच्या सुईने ती आपापल्या रंगाच्या टाक्यांतून फिरवायची. पाच मिनिटांचं शिकवणं होतं. ते न देता मी गुण कापले. पट्टे ही हौस, असं मी धरून चालले होते. तिच्या घरी ती काटकसर होती. आणि मागची बाजू स्वच्छ हवी ती मानेला टोचू नये म्हणून, हे मला चौथीतल्या पोराने सांगावं लागलं.

ते गुण मी नंतर बदलले नाहीत. पत्रक वर गेलं होतं, असं स्वतःला सांगितलं.

आता या हिवाळ्यात शेजारची एक मुलगी शिकायला येते. सुया हातात देण्याआधी तिला उसवलेल्या लोकरीच्या लडी करायला लावल्या; भिजवून, खाली वजन टांगून वाळवल्या, म्हणजे वळ्या जातात. परवा तिचा पहिला पट्टा बदलून झाला. शेपट्या कापायला कात्री मागत होती. म्हटलं, थांब, आधी एकदा धुऊन होऊ दे.