आपला खाखरा कोणाच्या पाठीवर?



एप्रिलमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्या आपल्या जैन महिलांच्या गटाची सामानाची यादी सध्या सगळीकडे फिरते आहे. माणशी नऊ किलो खाणे! खाखरे, मठिया, थेपले, तीन प्रकारचे लाडू, लोणची, तवा, छोटा कुकर, शेगडी. खाली एक ओळ: ‘वजनाची काळजी करू नये, पोर्टर आहेत.’

त्या एका ओळीवर माझा आक्षेप आहे, आणि तो धर्माच्या नावानेच आहे.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभार, अन्नपाननिरोध. चौथा पुन्हा वाचा. अतिभार म्हणजे जिवावर त्याच्या ताकदीपलीकडे ओझे लादणे. कांदा-लसणाची चौकशी आपण दहा वेळा करतो, पण या चौथ्या अतिचाराची चौकशी कोणी करत नाही. प्रतिक्रमणात मात्र त्याचेही मिच्छामि दुक्कडं म्हणतो.

हिशेब साधा आहे. या वाटेवर बहुधा दोघींमागे एक पोर्टर असतो. स्लीपिंग बॅग, जाड जाकीट, कपडे धरून एकीची बॅग दहा किलो. दोघींचे वीस. त्यात खाण्याचे अठरा किलो घातले की झाले अडतीस, आणि त्या माणसाचे स्वतःचे सामान वेगळेच. इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप ही संस्था नेपाळसाठी जास्तीत जास्त तीस किलोची मर्यादा सांगते. एका तरुण नेपाळी पोर्टरचा उंचीच्या आजाराने मृत्यू झाला, त्यानंतर १९९७ मध्ये ही संस्था उभी राहिली. उंचीचा आजार फक्त पाहुण्यांना होतो हा आपला भ्रम आहे. पुष्कळ पोर्टर खालच्या खोऱ्यांतून येतात. ५३६४ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. छाती त्यांचीही भरून येते.

‘त्यांना रोजगार मिळतो ना?’ असे एका जाऊबाईंनी विचारले. मिळतो, आणि मिळायलाच हवा. मग ओझे वाढले तर माणूसही वाढवा. त्याचा विमा आहे का, पायांत बूट आहेत का, रात्री तो कुठे झोपतो, हे पैसे भरण्याआधी विचारा. यादीत एकही प्रश्न असा नाही.

‘मग काय तिथे बटाटा खायचा?’ हा दुसरा प्रश्न. मुळीच नाही. कंदमुळे न खाता ही वाट होते. दाल-भात सगळीकडे मिळतो. ‘आलु, प्याज, लसुन नहाल्नुहोस्’ हे नेपाळी वाक्य पाठ करा आणि ऑर्डर देतानाच म्हणा. नुसती डाळ, भात, पालेभाजी, चपाती, फापराची म्हणजे कुट्टूची रोटी, ओट्सची लापशी. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, ५००० मीटरच्या आसपास साधारण ८३-८४ अंशांना, त्यामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. मुक्कामी पोचताच सांगून ठेवले तर सूर्यास्ताआधी ताट समोर येते. लसणाचे सूप औषध म्हणून आग्रहाने देतील, नम्रपणे नको म्हणा. खरे औषध हळू चढणे हेच आहे: ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि नामचे व दिंगबोचेला एकेक जादा रात्र काढायची.

पाण्याबद्दल मात्र हट्ट नको. उकळलेले पाणी दिवसा भरपूर प्या. चौविहार झेपत नसेल तर तिविहाराचे पच्चक्खाण आपल्याच परंपरेत आहे, महाराजसाहेबांना विचारून घ्या.

घरून न्यायचे ते माणशी दोन किलो पुरे: खाखरा, भाजलेले चणे, मखाणे, सातूचे पीठ, चहासाठी सुंठ. उन्हाळ्यात पिठाच्या पदार्थांचा काळ वीस दिवस, प्रवास त्यात बसतो. ते दोन किलो स्वतःच्या पाठीवरच्या पिशवीत घाला. त्यासाठी आतापासून तेवढे वजन घेऊन सिंहगड चढा. उंचीची सवय सिंहगडावर होणार नाही, पण खांद्यांना आणि गुडघ्यांना होईल.

काठमांडूचे दोन दिवस खरेदीत घालवू नका. कमलपोखरीच्या जैन मंदिरात दर्शन घ्या, सुका मेवा आणि डाळ कमी पडली तर असनच्या बाजारात मिळते. गर्दीच्या दिवसांत लुक्लाची विमाने रामेछापहून सुटतात आणि काठमांडूहून मध्यरात्रीच निघावे लागते, म्हणून आदल्या संध्याकाळी बॅग वजनकाट्यावर ठेवा. या छोट्या विमानांत सहसा माणशी पंधरा किलोच चालतात. जास्तीचे पैसे भरून वजन पुढे ढकलता येते, पण लुक्लाला उतरल्यावर ते ओझे पैशांच्या पाठीवर जात नाही.

कोणी म्हणेल, तिथला तांदूळही कोणाच्या तरी पाठीवरून नाहीतर याकवरूनच येतो. अगदी खरे. म्हणून तर ताटात एक शीतही टाकायचे नाही. आणि म्हणूनच तिथले ताट असताना वर तवा, कुकर, शेगडी आणि तीन प्रकारचे लाडू न्यायचे नाहीत.

यादी करणाऱ्या ताईंना माझी विनंती आहे. ‘पोर्टर आहेत’ ही ओळ खोडा आणि तिथे लिहा: ‘एका पोर्टरकडे सगळे मिळून तीस किलोच्या आत, वजन काट्यावर.’ कंदमूळ वर्ज्य इतक्याच ठळक अक्षरांत.