पडद्यावरचा वेग आणि सास्तूरची पहाट

चित्रपट म्हणजे गती, हे समीकरण आज इतके रूढ झाले आहे की, ही गती येते कोठून आणि हवी कशासाठी, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. दर दोन सेकंदांनी दृश्य बदलावे, कॅमेरा क्षणभरही स्थिर ठेवू नये, म्हणजे चित्रण प्रभावी होते, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

पडद्यावरील वेग हा बव्हंशी आभास असतो. धावत्या घोडेस्वाराबरोबर कॅमेराही धावू लागला की स्वार चौकटीत जागच्या जागी राहतो. वेग जाणवतो तो मागे पळणाऱ्या झाडांमुळे. झाडे जितकी जवळ, तितका वेग अधिक. दूरचा डोंगर जवळजवळ हलतच नाही. दुसरे साधन संकलनाचे. दृश्यखंडांची लांबी कमी करीत नेली की प्रेक्षकाची उत्कंठा वाढते. दोन ठिकाणच्या घटना आळीपाळीने दाखविल्या की त्यांच्यात शर्यत लागल्याचा भास होतो. १९७५ च्या ‘शोले’तील आगगाडीवरील हल्ला हा याचा वस्तुपाठच होय. गाडी, घोडेस्वार दरोडेखोर आणि डब्यांवरील झुंज यांचे असंख्य तुकडे जोडलेले असूनही कोण कोठे आहे, याविषयी प्रेक्षकाचा गोंधळ उडत नाही. ‘शोले’ला फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, आणि ते संकलक एम. एस. शिंदे यांना, हे येथे ध्यानात घ्यावे.

परंतु वेग निर्माण करता येणे वेगळे आणि तो कोठे आवरावा हे कळणे वेगळे. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या (२०१६) अखेरीस हत्येचे दृश्य नाही. आवाज थांबतो आणि उरतात त्या लहानग्याच्या रक्ताळलेल्या पाऊलखुणा. तोच प्रसंग झरझर तुकड्यांनी रंगविला असता तर प्रेक्षक थरारला असता. अंतर्मुख मात्र झाला नसता.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही, हे सास्तूरचा विचार केला की पटते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारी-सास्तूर परिसरातील दगडमातीची घरे काही सेकंदांत कोसळली. या भूकंपाने सुमारे दहा हजार बळी घेतले. नाश सेकंदांचा होता; ढिगारे उपसणे, पत्र्याच्या निवाऱ्यात दिवस कंठणे आणि नव्या गावठाणात संसार मांडणे यांत मात्र वर्षे गेली. या घटनेवर चित्रपट करणाऱ्याने पहिल्या सेकंदांसाठी हादरणारा कॅमेरा आणि तुटक संकलन खुशाल वापरावे. तेथे ते सत्यच आहे. पण ढिगाऱ्यापाशी बसून राहिलेल्या माणसाकडे कॅमेऱ्याने तितक्याच निश्चलपणे पाहिले पाहिजे. त्यालाही वेगाच्या चरकात घातले, तर दुःखाचा तमाशा होईल.

भूकंप न पाहिलेली पिढी आता तिशीत पोहोचली आहे. तिच्या हाती मोबाईलचा कॅमेरा आहे. वडीलधाऱ्यांच्या आठवणी उद्या हीच मुले टिपणार आहेत. सांगता सांगता एखादी आजी थबकली, तर ते मौन कापून टाकण्याचा मोह त्यांना होईल. कारण आजवर पाहिलेल्या चित्रफितींनी त्यांना तेवढेच शिकविले आहे. शाळेत आपण विरामचिन्हे शिकवितो, त्याचप्रमाणे चित्रभाषेतील विरामही शिकविले पाहिजेत. सास्तूर-किल्लारीच्या शाळा-महाविद्यालयांनी त्याचा आरंभ करावा. त्यासाठी फार मोठा खर्च येण्याचे कारण नाही.